दोन गुणांची आंतरराष्ट्रीयता

हुरडा आणि आंतरराष्ट्रीय परिषदा वऱ्हाडात साधारण एकाच सुमारास तयार होतात. हुरडा भाजावा तरी लागतो. परिषदेला फ्लेक्स पुरतो.

अमरावतीहून बडनेऱ्याकडे निघा किंवा अकोल्यातून बाहेर पडा, इंजिनीअरिंग कॉलेजचं फाटक दिसलं की वर फ्लेक्स असणारच: ‘इंटरनॅशनल कॉन्फरन्स ऑन रिसेंट ट्रेंड्स’. ट्रेंड्स कशातले, ते खाली बारीक अक्षरांत. संगणक, यंत्र, स्थापत्य, व्यवस्थापन, मानव्यविद्या ‘आणि इतर संलग्न विषय’. या ‘इतर संलग्न’मध्ये उरलेलं ब्रह्मांड येतं. माहितीपत्रक उघडलं तर थेट लग्नपत्रिका. मुख्य संरक्षक, संरक्षक, मार्गदर्शक, निमंत्रक, सहनिमंत्रक, सचिव, सहसचिव. ‘आमच्या सरांच्या परिषदेला यायचं हं’ हा चिल्ल्यापिल्ल्यांचा आग्रह तेवढा छापायचा राहतो.

आता ही परिषद आंतरराष्ट्रीय कशी? परदेशातले एक प्राध्यापक झूमवर येतात, म्हणून. त्यांच्या वाट्याचा निम्मा वेळ ‘सर, तुमचा आवाज येत नाही’ यात जातो आणि उरलेल्या वेळात ते भारतीय संस्कृतीची तारीफ करतात. पण यामागचं खरं कारण संस्कृती नव्हे, कोष्टक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१८ च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या गुणांचा तक्ता आहे. परिषदेत पेपर वाचला की राज्य किंवा विद्यापीठ पातळीला २ गुण, राष्ट्रीयला ३, देशातच भरलेल्या आंतरराष्ट्रीयला ५ आणि परदेशात जाऊन वाचला तर ७. म्हणजे राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय यांच्यात अंतर फक्त दोन गुणांचं. फ्लेक्सवर एक शब्द वाढवून हे दोन गुण मिळत असतील तर राष्ट्रीयवर थांबेल असा प्राचार्य अजून जन्मायचा आहे.

हुरड्याच्याच दिवसांत, डिसेंबरात, देशात आणखी एक परिषद भरते. १९८१ पासून दरवर्षी. तिचं नाव ‘फाउंडेशन्स ऑफ सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी अँड थिअरेटिकल कम्प्युटर सायन्स’. एवढं म्हणेपर्यंत चहा गार होतो, म्हणून मंडळी एफएसटीटीसीएस म्हणतात. विषय एकच, संगणकाचं सिद्धांतशास्त्र. फ्लेक्सवर ‘इतर संलग्न’ नाही. १९८७ आणि १९८८ अशी लागोपाठ दोन वर्षं ती पुण्यात झाली. मुंबईत १९९३, २००३, २०११ आणि २०१९ साली झाली. कानपूर, चेन्नई, हैदराबाद, पार गुवाहाटीलाही जाऊन आली. वऱ्हाडात मात्र बडनेऱ्याला गाडी बदलण्यापुरतीसुद्धा उतरली नाही. दांडेकर समितीने १९८४ साली महाराष्ट्राचा अनुशेष मोजला तेव्हा रस्ते मोजले, सिंचन मोजलं, वीज मोजली. सिद्धांतांचा रकाना त्यात नव्हता. तो अनुशेष कोणी मागितलाही नाही, हे त्यातल्या त्यात आपलं खास.

हे सिद्धांतशास्त्र म्हणजे नेमकं काय, ते आपल्याच नकाशावर बघू. अमरावती जिल्ह्यात १४ तालुके, अकोल्यात ७. एकूण २१. एखाद्या उमेदवाराला अमरावतीहून निघून धारणी, चिखलदरा, वरुड, तेल्हारा, पातूर करत प्रत्येक तालुक्याला एकदाच हात जोडून परत अमरावतीला यायचं आहे, आणि डिझेल सगळ्यांत कमी जाळायचं आहे. (उमेदवार डिझेलचा विचार करतो, हे गृहीतक. सिद्धांतशास्त्रात गृहीतकं चालतात.) फेरे किती प्रकारचे होतील? सुमारे १२ परार्ध. म्हणजे १२ वर १७ शून्यं. दर सेकंदाला शंभर कोटी फेरे तपासणारं यंत्र आणून बसवलं तरी सगळे तपासून व्हायला ३८ वर्षांहून जास्त लागतील. तोवर उमेदवाराचा नातू उभा राहिलेला असेल, बहुधा दुसऱ्या पक्षातून.

पण १९६२ साली हेल्ड आणि कार्प यांनी एक युक्ती सांगितली. सगळे फेरे तपासायचेच नाहीत. अर्ध्या वाटेपर्यंतचा हिशेब एकदा करून ठेवायचा आणि पुन्हा पुन्हा तोच वापरायचा. या युक्तीने २१ तालुक्यांचं उत्तर कॉलेजच्या लॅबमधला धूळ खात पडलेला संगणकही काही सेकंदांत देतो. ३८ वर्षांवरून काही सेकंद! यंत्र बदललं नाही, निविदा निघाली नाही, उद्घाटन झालं नाही. दोन माणसांनी विचार केला, बस.

आता तालुके सोडा, गावं घ्या. या युक्तीत एक गाव वाढलं की काम साधारण दुप्पट होतं. शंभर गावांपर्यंत पोचलात की विश्वाचं वय अपुरं पडतं. मग कोणत्याही नकाशावर हमखास आणि झटपट चालेल अशी रीत आहे तरी का? आजपर्यंत कोणालाही माहीत नाही. स्टीफन कुक यांनी १९७१ साली या कोड्याचं मूळ एका परिषदेतल्या पेपरात मांडलं. पुढच्याच वर्षी रिचर्ड कार्प यांनी दाखवलं की वरवर वेगळी दिसणारी २१ कोडी आतून एकच आहेत. (तालुक्यांचा आकडाही २१ निघाला, हा योगायोग. ज्योतिषाकडे जाऊ नका.) अमेरिकेतल्या क्ले संस्थेने २००० साली या प्रश्नावर दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं. पैसे अजून तिजोरीत आहेत.

अचूक उत्तर मिळत नसेल तर जवळपासचं चालवून घेऊ, असं आपण रोजच म्हणतो. पण सिद्धांतवाल्यांचं ‘जवळपास’ आपल्यासारखं नसतं. आपलं ‘पाच मिनिटांत पोचतो’ म्हणजे अजून अंघोळ व्हायची आहे. त्यांना हमी लागते. १९७६ साली ख्रिस्तोफिडीस यांनी अशी हमी दिली: माझ्या रीतीने निघालेला फेरा सगळ्यांत लहान फेऱ्याच्या दीडपटीहून लांब कधीच होणार नाही. हे दीडपट कमी करायला जगभरचे लोक चाळीसेक वर्षं धडपडले. अखेर २०२० साली कार्लिन, क्लाइन आणि ओवैस घरान यांनी ते कमी केलं. किती? दशांशचिन्हानंतर ३५ शून्यं आणि मग एक, एवढं. हजार किलोमीटरच्या फेऱ्यात ही बचत अणूच्या केंद्रकापेक्षाही अब्जावधी पटींनी लहान भरते. या कामाला पुढच्या वर्षी त्या क्षेत्रातल्या मोठ्या परिषदेत उत्कृष्ट पेपरचा मान मिळाला.

अकोल्यात चहाच्या टपरीवर हे सांगितलं तेव्हा टपरीवाल्याने गाळणी बाजूला ठेवली.

‘भाऊ, म्हंजे सुधारणा झाली का नाही झाली?’

‘झाली.’

‘मंग दिसून काहून नाही राह्यली?’

‘दिसण्याएवढी नाही. सिद्ध करण्याएवढी आहे.’

‘लय मोठे लोक हायेत बाप्पा. आमच्या गावचा रस्ता याच्या उलटा. कागदावर सिद्ध झाला, पन दिसून नाही राह्यला.’

रस्त्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. याच अमरावती-अकोला पट्ट्यात, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, ३ ते ७ जून २०२२ या काळात ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत अखंड अंथरला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. एका पदराचा हिशेब आहे, पण विक्रम तो विक्रम. मंत्र्यांपासून सगळ्यांनी कौतुक केलं, आम्हीही छाती फुगवली. त्याबद्दल तक्रार नाही. सांगायचं एवढंच की ७५ किलोमीटरचा विक्रम आपल्याला चटकन कळतो आणि ३५ शून्यांनंतरच्या एकाचा कळत नाही. दीडपटीची भिंत चाळीसेक वर्षं कोणालाच भेदता आली नव्हती. तिला पडलेलं ते पहिलं भोक. भोक केवढं, हा प्रश्न दुसऱ्या दिवशीचा.

आता आपल्या परिषदेत येऊ. ही हकिकत एका कॉलेजातली. कोणतं ते विचारू नका, कारण तुमच्याही गावचं तेच आहे. सकाळी दहाचं उद्घाटन साडेअकराला. दीपप्रज्वलनाच्या समया पंख्याने विझतात, मग पंखा बंद, मग पाहुण्यांना घाम. स्वागत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्ह, स्मरणिकेचं प्रकाशन. स्मरणिकेला बांधलेली रिबीन सुटत नाही तेव्हा शिपाई कात्री घेऊन धावतो आणि सगळ्यांत जोरदार टाळ्या त्याला पडतात. अध्यक्षीय भाषणात कृत्रिम बुद्धिमत्तेचा उल्लेख नऊ वेळा आणि पंचांगाचा एकदा. दुपारी पाटवडी-रस्सा. जेवण उत्तम, त्याबद्दल शत्रूही बोट ठेवणार नाही. जेवणानंतर मुख्य सभागृहात उरतात ती हजेरीच्या धाकाने बसवलेली सेकंड इयरची पोट्टी. संशोधनाला इथे सुरुवात होते.

एका पेपरला सात मिनिटं. पहिला पेपर: कपाशीच्या पानावरचा रोग ओळखणारी प्रणाली, अचूकता ९८ टक्के. दुसरा: संत्र्याच्या पानावरचा रोग ओळखणारी प्रणाली, अचूकता ९८.५. तिसरा पुन्हा कपाशी, ९९. वऱ्हाडात २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली, ती बोंडाच्या आत बसून. पानाच्या फोटोत ती येत नाही. पण हे विचारणार कोण? सत्राध्यक्ष घड्याळ बघून ‘छान काम, पुढचे’ म्हणतात. मागच्या बाकावरच्या एका पोरीने हात वर केला. तिने विचारलं, ‘सर, हे फोटो कुठल्या शेतातले?’ तिला सांगण्यात आलं की वेळेअभावी प्रश्न चहाच्या वेळी घ्यावेत. चहाच्या वेळी सादरकर्ते प्रमाणपत्राच्या रांगेत होते.

गाडगेबाबांचं कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती असायची. बाबा विचारत, लोक उत्तर देत, आणि उत्तर देतादेता लोकांच्याच लक्षात येई की आपण काय मूर्खपणा करून बसलो आहोत. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ वलगावला त्यांनी देह ठेवला. पाच जिल्ह्यांचं विद्यापीठ त्यांच्या नावाने चालतं. त्यांच्या पुण्यतिथीच्या महिन्यात, त्यांच्याच विद्यापीठाच्या हद्दीत, प्रश्नाला वेळ नाही.

सिद्धांताच्या परिषदेत प्रश्नाखेरीज दुसरं काही नसतं. तिथे सिद्धता फळ्यावर असते. तिसऱ्या ओळीतली असमानता का खरी, एवढं विचारून एखादा पोरगाही मोठ्या प्राध्यापकाला थांबवू शकतो. आणि तिथवर पोचणंही सोपं नसतं. पेपर आधी परीक्षक वाचतात, खरोखर वाचतात, आणि बरेचसे परत पाठवतात. का परत पाठवला ते लिहून. आपल्याकडे पेपर नाकारला जाण्याचं मला ठाऊक असलेलं कारण एकच: नोंदणी शुल्क जमा झालं नाही.

‘त्यांचं काय हो, आयआयटीवाले, त्यांच्याकडे पैसा आहे’ हे आपलं ठरलेलं उत्तर. इथेच गंमत आहे. संगणकाच्या सगळ्या शाखांत हीच एक शाखा अशी की जिला पैसा लागत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेला यंत्रांच्या रांगा लागतात, वीज लागते, वीज टिकावी लागते. सिद्धांताला वही, पेन आणि चुकायची तयारी. कानपूरच्या मणींद्र अग्रवाल यांनी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या दोन कोवळ्या विद्यार्थ्यांना घेऊन ऑगस्ट २००२ मध्ये दाखवून दिलं की एखादी संख्या मूळ आहे की नाही हे झटपट आणि खात्रीने ठरवता येतं. शतकानुशतकांचा प्रश्न. पेपर नऊ पानांचा. आपल्या स्मरणिकेत शुभेच्छा-संदेशच त्याहून जास्त पानं खातात. त्या कामाला २००६ साली गोडेल पारितोषिक मिळालं.

कानपूरही लांब वाटत असेल तर इचलकरंजी घ्या. यंत्रमागांचं गाव. तिथले सुभाष खोत १९९५ साली आयआयटीच्या प्रवेश परीक्षेत देशात पहिले आले. पुढे अमेरिकेत डॉक्टरेट करत असताना, २००२ साली, त्यांनी एक अनुमान मांडलं: काही कोड्यांचं जवळपासचं उत्तर काढणंही एका मर्यादेपलीकडे मुळातच अवघड आहे. त्याचं इंग्रजी लघुरूप, योगायोगाने, यूजीसी. खोतांच्या यूजीसीने जगभरच्या संशोधकांना वीस वर्षांहून जास्त कामाला लावलं. आपल्या यूजीसीने गुण मोजायला लावले. २०१४ साली सोलला खोतांना नेव्हनलिना पारितोषिक मिळालं. त्यांचं अनुमान मात्र अजून सिद्ध झालेलं नाही. २०१८ साली ते आणि त्यांचे सहकारी अर्ध्या वाटेपर्यंत पोचले. पंधरा-सोळा वर्षं झिजून माणूस ‘अर्धं झालं’ म्हणतो आणि दुनिया उभी राहून टाळ्या वाजवते. आपल्याकडे सात मिनिटांत ९९ टक्के.

आणि नरेंद्र करमरकर? ग्वाल्हेरचा जन्म, शिक्षण आयआयटी मुंबईत. १९८४ साली बेल लॅब्जमध्ये असताना त्यांनी रेषीय नियोजनाची अशी रीत काढली की न्यूयॉर्क टाइम्सने तिची बातमी पहिल्या पानावर छापली. किती माल कुठून कुठे न्यायचा, कोणती विमानं कोणत्या मार्गावर, अशा हिशेबांची ती रीत. ती पहिल्यांदा मांडली गेली तीही सिद्धांतशास्त्राच्या वार्षिक परिषदेतच. आपल्या इंजिनीअरिंगच्या किती पोरांना हे नाव माहीत आहे, हा सर्व्हे कोणी करू नये. निकाल झोंबेल.

आता वकिली थोडी दुसऱ्या बाजूची. परिषदांवर हसणं सोपं आहे. पण सात मिनिटांत पेपर उरकणारा तो मास्तर कोण असतो? बहुतेक वेळा तासिका तत्त्वावरचा. चार कॉलेजांत तास घेतो, मोटारसायकलने अकोला-मूर्तिजापूर-बडनेरा करतो, पगार तीन-तीन महिने लांबतो. त्याला पाच गुण हवेत कारण पुढे कधीतरी तेच मोजले जातील, या आशेवर तो आहे. नोंदणी शुल्क तो खिशातून भरतो. त्याला ‘एका सिद्धतेवर तीन वर्षं बस, कदाचित काही निघणार नाही’ असं सांगायला आपल्याला तोंड आहे का? तीन वर्षं न निघालेल्या सिद्धतेला तक्त्यात शून्य गुण आहेत. खोतांना तक्ता लावला असता तर २००२ च्या अनुमानाला आपल्या समितीने ‘अनुमान आहे, निष्कर्ष नाही’ असा शेरा मारून फाईल परत पाठवली असती. दोष मास्तराचा कमी, मोजपट्टीचा जास्त. पण मोजपट्टी दिल्लीची असली तरी फ्लेक्स आपला आहे, पाटवडी आपली आहे आणि त्या पोरीला गप्प बसवणारे सत्राध्यक्षही आपलेच आहेत. तिथे दिल्लीचा हात नव्हता.

तेव्हा प्राचार्य मंडळींना हात जोडून सांगणं आहे. एफएसटीटीसीएसचे २००८ पासूनचे सगळे पेपर इंटरनेटवर फुकट आहेत. दर्यापूरच्या पोराला मोबाईलवर वाचता येतील. इंग्रजी अवघड वाटलं तर एक मास्तर आणि चार पोट्टे शनिवारी दुपारी एकत्र बसून एक पेपर महिनाभर फोडू शकतात. त्याला ना हरकत प्रमाणपत्र लागत नाही. शाल-श्रीफळ आणि स्मृतिचिन्हांचा एका वर्षाचा खर्च वाचवला तर चार पोरं डिसेंबरात त्या परिषदेला रेल्वेने जाऊन, मागच्या बाकावर बसून, काहीही न कळता परत येऊ शकतात. काही न कळणं हीसुद्धा कमाई आहे. आपल्या परिषदेत सगळं कळतं, हीच तर अडचण.

आणि हेही जड जात असेल तर यंदाच्या परिषदेत फक्त एक करा. आलेल्या पेपरांतला एक तरी, शुल्क भरलेला असूनही, परत पाठवा. खाली दोन ओळींत कारण लिहा. आणि त्या मागच्या बाकावरच्या पोरीला सत्राध्यक्ष करा.